लाकूड फोडायला कुऱ्हाड: दुकानातली, लोहाराची की फिस्कार्सची?

निकाल आधीच सांगून टाकतो. चुलीचं आणि बंबाचं सरपण घरीच फोडणार असाल, तर लोहाराला मापं देऊन पावणेदोन किलोची, जाड गालांची, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू फुगीर असलेली कुऱ्हाड घडवून घ्या आणि तिच्या जोडीला दोन लोखंडी पाचरी आणि एक घण ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात टांगलेली लाल-निळ्या रंगाची कुऱ्हाड फांद्या छाटायला चालते, ओंडके फोडायला नाही. फिस्कार्स या परदेशी कंपनीची एक्स 27 ही कुऱ्हाड अवजार म्हणून फार सरस आहे, पण तिची किंमत आणि आपल्याकडची लाकडं पाहता ती सगळ्यांनी घ्यावी असं आम्ही म्हणणार नाही.

आता कारणं.

तोडणं आणि फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. झाड किंवा फांदी तोडताना धार लाकडाच्या रेषेला आडवी जाते, तंतू कापावे लागतात, म्हणून पातं पातळ आणि धार तीक्ष्ण हवी. ओंडका फोडताना धार रेषेच्या दिशेनेच उतरते. ती फक्त तडा सुरू करते, पुढचं काम पात्याचे फुगीर गाल करतात. तेच तड्याच्या दोन्ही बाजू रेटून दूर सारतात. पातळ कुऱ्हाड ओंडक्यात सहज शिरते आणि तिथेच रुतून बसते. मग माणूस ती हलवून हलवून काढतो, दांडा सैल होतो आणि दोष धारेला दिला जातो. धार लावल्याने हे सुटत नाही, उलट ती आणखी खोल रुतते.

दुकानात ओळखायला एक पट्टी पुरते. धारेपासून 5 सेंटीमीटर मागे पात्याची जाडी मोजा. 1 सेंटीमीटरच्या आसपास असेल तर ती तोडायची कुऱ्हाड. 2 सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर ती फोडायला घ्यावी. नेढ्याजवळ, म्हणजे दांडा जातो तिथे, बाहेरून निदान 5 सेंटीमीटर रुंदी हवी. धारेची लांबी 7 ते 9 सेंटीमीटर पुरे. फरशी कुऱ्हाडीसारखं लांब, पसरट पातं दिसायला जबरदस्त, पण आघात इतक्या लांब धारेवर विभागला जातो की तडाच पडत नाही.

वजनाबद्दल मोठा गैरसमज आहे. जितकी जड तितकी बरी, असं धरून काही जण साडेतीन किलोचं डोकं घेतात. आघाताची शक्ती वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. जड कुऱ्हाड वेगाने फिरवता येत नाही, आणि विसाव्या घावानंतर तर उचलणंच जड जातं. डोकं दीड ते दोन किलोचं असलं की सामान्य ताकदीच्या माणसाला तासभर काम करता येतं. त्याहून जड काही लागलंच तर तो घण, आणि तो पाचरीवर मारायचा.

दुकानातल्या कुऱ्हाडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. डोकं बहुधा किलो-सव्वा किलोचं, गाल चपटे, दांडा घाईत ठोकलेला. घ्यायचीच झाली तर दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे रंगाखालचा सांधा. पट्टी दुमडून नेढं घडवलेलं असेल तर दोन्ही पदर जिथे एकत्र येतात तिथे बारीक भेग राहू शकते आणि रंग ती झाकतो. बिनदांड्याचं डोकं दोरीला टांगून चमच्याने वाजवा. खणखणीत, लांबत जाणारा आवाज आला तर ठीक. बद्द आला तर कुठेतरी सांधा फुटका आहे. दुसरी गोष्ट नेढ्याच्या आकाराची. गोल नेढं टाळा. गोल दांड्यावर डोकं फिरतं आणि घाव तिरका बसतो. लांबट, अंडाकृती नेढंच हवं.

लोहाराकडे जाताना मापं कागदावर लिहून न्या: वजन पावणेदोन किलो, धार 8 सेंटीमीटर, नेढ्याशी बाहेरून 5 सेंटीमीटर, नेढं अंडाकृती. माल कोणता वापरणार ते विचारा. ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, जाड पाटा हा सर्वात चांगला, आणि भंगारात सहज मिळतो. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते 0.6 टक्का असतो. त्यामुळे ते पाणी धरतं, म्हणजे कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ होत नाही. नुसती बांधकामाची सळई किंवा साधी पट्टी पाणी धरत नाही. तिची धार दोन ओंडक्यांत वळते. जुनी पद्धत अजूनही काही लोहार वापरतात: अंग साध्या लोखंडाचं आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून, ठोकून बसवलेली. ती नीट बसली असेल तर कमानीच्या कुऱ्हाडीइतकीच टिकते.

सगळा खेळ पाणी देण्याचा आहे. चांगला लोहार आख्खी कुऱ्हाड पाण्यात बुडवत नाही. तो फक्त धारेकडचा दोन-तीन सेंटीमीटर भाग बुडवतो, बाहेर काढून दगडाने पटकन घासतो आणि मागच्या उष्णतेने धारेकडे सरकणारे रंग बघत थांबतो. आधी फिकट पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा धारेवर पोचला की पुन्हा बुडवायचं. पिवळ्यावरच थांबलं तर धार फार कडक राहते आणि गाठीवर आपटताच तिचा टवका उडतो. निळा पुरता निघून राखाडी झाला तर धार मऊ. कमानीचं पोलाद थंड पाण्यात बुडवलं तर कधीकधी तडकतं, म्हणून तेल वापरायला सांगा. गॅरेजमधलं जुनं इंजिन ऑइलही चालतं.

घरी आणल्यावर बारीक दाताची कानस धारेवर फिरवून पाहा. कानस थोडा जोर देऊन चावली पाहिजे. ती घसरून गेली, काहीच खरवडलं नाही, तर धार जास्त कडक आहे. परत नेऊन थोडी उतरवून घ्या. लोण्यासारखी खरवडली गेली तर पाणीच दिलेलं नाही. माथा, म्हणजे धारेच्या उलट बाजूचा सपाट भाग, मात्र कानशीने सहज घासला गेला पाहिजे. माथ्याला पाणी चढलेलं असेल तर तिथून तुकडा उडण्याची भीती असते.

लोहाराच्या कुऱ्हाडीचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. दोन नग कधीच एकसारखे नसतात, नेढं किंचित वाकडं निघू शकतं, आणि धार तुम्हालाच नीट घासून घ्यावी लागते. गावोगाव फिरणारे घिसाडी डोळ्यांदेखत घडवून देतात, तेव्हा तिथेच उभं राहून वाकडेपणा दुरुस्त करून घेता येतो. नेढ्यात दांडा ढिला बसवून मागून एका डोळ्याने पाहा: धारेची रेघ आणि दांड्याची रेघ एकाच सरळीत दिसली पाहिजे. थोडंसं तिरकं चालेल असं म्हणून सोडू नका, प्रत्येक घावाला ते जाणवतं.

फिस्कार्स ही फिनलंडची कंपनी. 1649 साली फिस्कार्स नावाच्याच गावात तिचा लोखंडाचा कारखाना सुरू झाला. एक्स 27 चा दांडा 36 इंची, म्हणजे साधारण 91 सेंटीमीटर; डोकं 4 पौंडांचं, म्हणजे 1.8 किलो. दांडा काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकचा, आतून पोकळ, आणि डोक्याभोवतीच साच्यात घट्ट बसवलेला. त्यामुळे डोकं निसटून उडण्याची भीती जवळजवळ नाही, आणि दांडा हलका असल्याने जवळपास सगळं वजन आघाताच्या टोकाला राहतं. गालांचा आकार हा तिचा खरा गुण. धारेजवळ बारीक, मागे झपकन फुगणारा. सरळ रेषेच्या लाकडाला एका घावात दोन तुकडे करतो आणि क्वचितच रुततो. आमच्या मते लोहाराला दाखवायला हाच आकार उत्तम नमुना आहे. तिचा फोटो मोबाइलवर घेऊन लोहाराकडे जाण्यात काही कमीपणा नाही.

मग अडतं कुठे? पहिलं म्हणजे दांडा बदलता येत नाही. वर्षानुवर्षं वापरल्यावर किंवा चुकीच्या घावाने तो मोडला तर आख्खं अवजार गेलं. परदेशात त्यावर हमी असते. इथे दुकानदार ती पाळणार का, ते विकत घेण्यापूर्वी बिलावर लिहून घ्या. दुसरं, तिचा माथा ठोकायला नाही आणि तिच्या माथ्यावर घण मारायचाही नाही, असं कंपनीच सांगते. तिसरं, ही कुऱ्हाड बर्च, पाइन, स्प्रूस अशा सरळ रेषेच्या उत्तरेकडच्या लाकडांच्या देशातली आहे. तिला आपली पिळदार निलगिरी किंवा चिंच दिली की ती चमत्कार करत नाही, तिथे पाचरच लागते. आणि उंची: 91 सेंटीमीटरचा दांडा साडेपाच फुटांच्या वरच्या माणसाला शोभतो. बुटक्या माणसाने त्याच घराण्यातली 28 इंची एक्स 25 पाहावी, डोकं जवळपास तेच. एका एक्स 27 च्या पैशांत लोहाराच्या कुऱ्हाडीसकट घण, पाचरी, कानस सगळं येऊन वर पैसे उरतात. शेतघरावर पाहुण्यांच्या हाती कुऱ्हाड जाणार असेल, देखभाल कोणी करणार नसेल, तर मात्र फिस्कार्सच बरी.

आता दांडा. लोहाराच्या कुऱ्हाडीचं अर्धं यश दांड्यात आहे. धामण सर्वात चांगली: चिवट, लवचीक, घावाचा हिसका हातापर्यंत येऊ देत नाही. तिवस तितकाच टिकाऊ. बाभूळ सगळीकडे मिळते आणि पुरेशी मजबूत असते, फक्त सालीखालचा पांढरा भाग वापरू नका. त्याला भुंगा लागतो, पीठ गळायला लागतं आणि एक दिवस दांडा नेढ्याशी तुटतो. आतलं लालसर, भरलेलं लाकूडच घ्या. दांडा करवतीने कापलेल्या फळीतून काढलेला नको, फोडलेल्या लाकडातून तासलेला हवा. फोडताना लाकूड आपल्या रेषेनेच सुटतं, म्हणून रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. रेषा मध्येच बाजूला निघून जात असेल तर तिथेच दांडा मोडणार हे नक्की.

लांबी 75 ते 90 सेंटीमीटर. आखूड दांडा जास्त ताब्यात राहतो असं वाटतं, पण फोडताना तोच धोक्याचा आहे. घाव चुकला तर आखूड दांड्याच्या कुऱ्हाडीचा फेर थेट नडगीवर येतो, लांब दांड्याची कुऱ्हाड पायांच्या पुढे ठोकळ्यात किंवा मातीत उतरते.

दांडा बसवताना तो पूर्ण वाळलेला हवा. वरच्या टोकाला नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश खोल चीर पाडा, दांडा खालून ठोकून बसवा आणि चिरेत वाळक्या, कडक लाकडाची पाचर मारा. वर निघालेलं लाकूड तीन-चार मिलिमीटर बाहेर ठेवून कापा. लाकडी पाचरीला तिरकी एक छोटी लोखंडी पाचर मारली की झालं. दांडा सैल झाल्यावर कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवायची सवय फार लोकांना आहे. लाकूड फुगतं, सकाळी दांडा घट्ट वाटतो. पण फुगलेले तंतू नेढ्यात चिरडले जातात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा ढिला होतो. पाण्याऐवजी नेढ्यातल्या लाकडाला जवसाचं तेल पाजा, आणि पाचर पुन्हा ठोका. एक इशारा: जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तो तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून उन्हात वाळवा, मग फेका.

धारेचा कोन दोन्ही बाजू मिळून 30 ते 35 अंश. वस्तऱ्यासारखी धार नको. कानस धारेकडून मागे किंवा मागून धारेकडे, पण एकाच दिशेने, हातमोजा घालून. नंतर निसण्यावर चार-सहा हात फिरवून धारेवर उठलेली बारीक खरबरीत कड काढली की पुरे. ग्राइंडरवर धार लावून घ्यायची असेल तर कारागिराजवळ उभे राहा. धार निळी पडली की तिथलं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढेपर्यंत ती टिकणार नाही. दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायला सांगा.

वापरताना ठोकळा महत्त्वाचा. चिंचेचा बुंधा मिळाला तर उत्तम, खाटकाच्या दुकानात तोच असतो, उगाच नाही. उंची गुडघ्याच्या खाली, 30 ते 40 सेंटीमीटर. उंच ठोकळ्यावर घाव वेग घ्यायच्या आतच लागतो. ठोकळा मातीवर ठेवा, फरशीवर किंवा दगडांवर नाही. भोवती तीन मीटर मोकळी जागा आणि वर कपड्यांची दोरी, पत्र्याची कड, फांदी काही नको. पायात बूट, चप्पल चालणार नाही. डोळ्यांना चष्मा.

ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला उभा करा, म्हणजे चुकलेली कुऱ्हाड ठोकळ्यातच उतरेल. कापलेल्या तोंडावर आधीच पडलेले तडे शोधा आणि त्याच रेघेत, आपल्याकडच्या कडेवर घाव घाला. पलीकडच्या कडेवर मारायला गेलात तर डोकं पुढे जातं आणि दांडा लाकडावर आपटतो. डोक्याखालचा दांडा सोलवटतो तो यामुळेच. पाय खांद्याइतके फाकवून समोरासमोर उभे राहा. खाली येताना वरचा हात घसरत खालच्या हाताजवळ येऊ द्या, आणि आघाताच्या क्षणी गुडघे वाकवा. गुडघे वाकले की धार आडवी, सपाट उतरते. उभे ताठ राहिलात तर ती पायांकडे वळते.

दीड फुटांहून जाड ओंडका मधोमध फोडायच्या फंदात पडू नका. कडेकडेने, चार बोटं जाडीच्या ढलप्या काढत गोल फिरा, गाभा शेवटी राहील. गाठ असेल तर ती खाली ठेवा आणि साफ बाजूने सुरुवात करा. बेचक्याचा तुकडा असेल तर बेचका खाली, आणि घाव दोन्ही फांद्यांच्या गाभ्यांतून जाणाऱ्या रेघेत. कुऱ्हाड रुतलीच तर दांडा डावी-उजवीकडे हलवू नका. दांड्याच्या टोकावर तळहाताने खाली थाप मारा, ती वर-खाली डुलून सुटते. त्यानेही नाही सुटली तर शेजारी पाचर ठोकून तडा वाढवा. रुतलेल्या कुऱ्हाडीच्या माथ्यावर घण कधीच मारायचा नाही. नेढं फाकतं, आणि पोलादाचा तुकडा उडून डोळ्यात जातो.

पाचरी दोन का, तर एक अडकली की दुसरी तिला सोडवते. पाचरीचा माथा ठोकून ठोकून फुलतो. त्या फुललेल्या कडा वेळोवेळी ग्राइंडरने काढा, त्यांचेच तुकडे उडतात. आणखी एक फुकटची सोय: गाडीचं जुनं टायर ठोकळ्यावर ठेवून त्यात ओंडका उभा करायचा. फुटलेले तुकडे आतच उभे राहतात, दर घावाला वाकून गोळा करावे लागत नाहीत. कमरेसाठी याहून चांगली युक्ती नाही.

लाकडाची जात ओळखूनच काम काढावं. सुबाभूळ मऊ, कोणतीही कुऱ्हाड चालते, पण लवकर जळून जाते. बाभूळ ओली असतानाच फोडा. कडक वाळली की दुप्पट घाम. निखारा मात्र तिचाच. निलगिरी तर तोडल्यावर आठवड्याभरात फोडून टाकावी. तिच्या रेषा पिळलेल्या आणि एकमेकांत गुंतलेल्या असतात, वाळल्यावर पाचरही मागे उडते. किनाऱ्याकडचं सुरू कठीण, पण जळायला फार उत्तम. आंब्याच्या रेषा उलटसुलट जातात, तुकडे फाटल्यासारखे निघतात. चिंच जळणासाठी फोडायच्या नादाला लागू नका, ठोकळ्यालाच ठेवा.

चुलीला 30 ते 40 सेंटीमीटर लांब आणि मनगटाएवढे जाड तुकडे, बंबाला त्याहून आखूड आणि दोन बोटं जाड. इतके बारीक फाटे कुऱ्हाडीने काढणं बोटांना धोक्याचं आहे. तिथे कोकणातला कोयता घ्या: तुकडा उभा धरण्याऐवजी कोयत्याची धार वर टेकवून पाठीवर लाकडाच्या थोटक्याने ठोका.

होळीच्या आधी फोडलं तर पावसाळ्यापर्यंत उन्हाचे तीन-साडेतीन महिने मिळतात. रास जमिनीपासून वीतभर उंच, विटांवर किंवा दोन ओंडक्यांवर रचा. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीने चारही बाजू गुंडाळल्या तर आतल्या आत बुरशी येते. दोन तुकडे एकमेकांवर आपटून खणखण वाजले तर वाळले, बद्द वाजले तर अजून ओले. ओलं लाकूड धूर करतं आणि बंबाच्या नळीत काजळी धरते. पावसाळ्यात राशीतून लाकूड काढताना हात घालण्याआधी काठीने हलवा. विंचू आणि घोणस दोघांनाही ती जागा आवडते.

वर्षाला एक-दोन बैलगाड्या लाकूड लागणाऱ्या घरासाठी ही सगळी जुळणी पुरते. ढाब्याला किंवा भट्टीला ट्रॉलीवर ट्रॉली जळण लागत असेल तर यातली कोणतीच कुऱ्हाड घेऊ नका, फोडलेलंच लाकूड वखारीतून आणा.